माणसाची गोळी आणि मांजराचा जीव

घरात धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर येते. त्याला कोणी बाजारातून विकत आणत नाही. एके दिवशी ते येते, चुलीच्या उबेला बसते आणि घरचे होऊन जाते. बैल आजारी पडला तर आपण गुरांच्या दवाखान्याकडे धावतो. मांजराचे दुखणे मात्र घरच्या घरी निभावून नेतो. मांजराला वेदना होतात तेव्हा त्याला काय द्यावे, काय देऊ नये आणि दिल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे, हे माणसाला कळायला फार वर्षे लागली. आज त्याचीच हकीगत तुम्हांला सांगायची आहे.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. आमच्याकडे मनी नावाची भाटी होती. एकदा पावसाळ्यात ती कौलांवरून घसरली आणि तिचा पुढचा पाय जमिनीला टेकेना. आई कळवळली. आम्हां मुलांना ताप आला की ती जी पांढरी गोळी द्यायची, तिच्यातलीच अर्धी गोळी तिने कुटली, तुपात कालवली आणि मनीला चाटवली. ‘‘एवढीशी तर गोळी, तिला जरा बरं वाटेल,’’ असे ती म्हणाली. संध्याकाळी मनी धापा टाकू लागली. तिचे तोंड सुजले. गुलाबी असायच्या त्या हिरड्या मातकट दिसू लागल्या. सकाळी मनी गेली. आम्ही म्हटले, पडल्यामुळे आत कुठेतरी मार बसला असेल. पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्यांना मी ही सारी लक्षणे सांगितली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘मार नव्हे हो, ती गोळी.’’ घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, ‘‘मायेनं दिली होती रे.’’

मायेनेच दिली होती, यात शंका नाही. पण लेकराचा ताप उतरवणारी गोळी मांजराचा जीव का घेते? याचे उत्तर समजायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडमध्ये चिपिंग नॉर्टन नावाचे गाव आहे. तिथे एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री होते. विलो नावाच्या झाडाची कडू साल वाळवून, तिची पूड करून त्यांनी हिवतापासारख्या तापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना दिली, आणि गुण येतो असे 1763 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. सालीत कोणते द्रव्य आहे ते 1828 साली म्युनिकच्या योहान बुखनर यांनी वेगळे काढले. त्याला नाव मिळाले सॅलिसिन. पुढे त्याच कुळातले सॅलिसिलिक आम्ल आले. त्याने दुखणे थांबे, पण पोटात आग पडे. 1897 साली जर्मनीतल्या बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमन यांनी त्याचे सौम्य रूप शुद्ध स्थितीत तयार केले. 1899 पासून ते अ‍ॅस्पिरिन या नावाने बाजारात आले, आणि बघता बघता जगभर पसरले.

दुसरी गोष्ट याच सुमाराची, आणि ती मोठी मौजेची आहे. 1886 साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबर्ग शहरात, कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर एका रोग्याच्या पोटातले जंत घालवण्यासाठी नॅप्थलीन देत होते. नॅप्थलीन म्हणजे आपल्या डांबराच्या गोळ्यांतला पदार्थ. जंत काही पडले नाहीत, पण ताप मात्र झटकन उतरला. चौकशी केली तेव्हा कळले की औषध देणाऱ्याकडून बाटलीची चूक झाली होती. रोग्याला गेले होते ते अ‍ॅसिटॅनिलाइड. चुकीतून एक नवे औषध सापडले! पण त्यात एक खोड होती. काही रोग्यांचे ओठ आणि नखे निळसर पडत, कारण त्यांचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेईनासे होई. पुढे 1948 साली अमेरिकेत ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी या कोड्याचा उलगडा केला. अ‍ॅसिटॅनिलाइड शरीरात गेले की त्याचे बहुतेक रूपांतर पॅरासिटामॉलमध्ये होते, आणि गुण येतो तो त्याचा. रक्त बिघडवणारा पदार्थ वेगळाच असतो. मग नुसते पॅरासिटामॉलच का देऊ नये? 1955 च्या सुमारास अमेरिकेत आणि 1956 साली इंग्लंडमध्ये ते विक्रीला आले. आमच्या आईच्या डब्यातली पांढरी गोळी ती हीच.

माणसाच्या बाबतीत खोड निघाली. मांजराच्या बाबतीत मात्र नेमकी तीच खोड, आणि कितीतरी भयंकर रूपाने, या नव्या गोळीतही शिल्लक राहिली. पण मांजराचा विचार त्या काळी करीत होते कोण?

जनावरांच्या वैद्यकाचा इतिहास पाहिला तर मांजर त्यात फार उशिरा येते. युरोपातले पहिले पशुवैद्यक विद्यालय क्लोद बूर्जला यांनी फ्रान्समधल्या लिआँ शहरात काढले. 1761 साली त्याला राजाची परवानगी मिळाली आणि 1762 साली वर्ग सुरू झाले. लष्कराला घोडे हवे होते आणि गुरांच्या साथींनी शेतकरी हैराण झाला होता, म्हणून ते निघाले. आपल्याकडे परळला मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली सुरू झाले. योगायोग पाहा, अ‍ॅसिटॅनिलाइड सापडले तेच हे साल. इथेही आधी घोडा, बैल, म्हैस, मग कुत्रा, आणि मांजर सर्वांत शेवटी. मांजर म्हणजे लहान कुत्राच, या समजुतीने कुत्र्याची मात्रा वजनाच्या हिशेबाने कमी करून त्याला दिली जाई.

मॉर्फिनच्या बाबतीत उलटा गोंधळ झाला. अफूतले हे वेदनाशामक द्रव्य मांजराला दिले की ते पिसाळल्यासारखे करते, असा समज रूढ झाला. तो ज्या प्रयोगांतून आला त्यांत मात्रा फार मोठी होती. योग्य, थोडी मात्रा दिली तर मांजरालाही या जातीच्या औषधाने आराम पडतो. पण समज पक्का झाला तो झालाच, आणि शस्त्रक्रियेनंतरही कितीतरी मांजरांना वेदनेवर काहीच दिले जात नसे. म्हणजे दवाखान्यात औषध मिळत नव्हते आणि घरात नको ते औषध मिळत होते!

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपल्या पोटात गेलेले औषध कामगिरी संपली की बाहेर पडले पाहिजे. हे काम मुख्यतः यकृत करते. पुष्कळशा औषधांना ते साखरेपासून झालेल्या एका आम्लाची गाठ मारते, म्हणजे त्याचे जणू गाठोडे बांधते, आणि ते गाठोडे लघवीवाटे बाहेर जाते. या गाठोड्याला शास्त्रात ग्लुकुरोनाइड म्हणतात. 1958 साली रॉबिन्सन आणि विल्यम्स या दोन शास्त्रज्ञांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे नावच होते, मांजरे ग्लुकुरोनाइड बनवतात का? काही पदार्थांच्या बाबतीत मांजराला हे गाठोडे फार थोडे बांधता येते, असे पुढे दिसून आले.

याचा परिणाम किती होतो पाहा. रक्तातले अ‍ॅस्पिरिनचे द्रव्य निम्मे व्हायला किती वेळ लागतो, याचे आकडे 1972 साली प्रसिद्ध झाले. शेळीत एका तासाहून कमी. तट्टात सुमारे 1 तास. डुकरात सुमारे 6 तास. कुत्र्यात सुमारे साडेआठ तास. आणि मांजरात साडेसदतीस तासांच्या आसपास! म्हणजे माणसासारखी सकाळ-संध्याकाळ गोळी मांजराला दिली तर पहिली अजून अंगात असतानाच दुसरी, तिसरी, चौथी जाऊन बसते. अति तेथे माती म्हणतात, ती अशी.

शेळी आणि मांजर यांच्यात एवढा फरक का, याचे उत्तर तुम्हां शेतकऱ्यांना जवळचे वाटेल. शेळीने तोंड लावले नाही असा पाला सापडणे कठीण. पाल्यात नाना तऱ्हेची कडू, तुरट, विषारी द्रव्ये असतात. ती रोज बाहेर टाकण्याची शेळीच्या शरीराला सवय आहे. मांजराचे पूर्वज हजारो पिढ्या केवळ मांसावर जगले. त्यांना हे हत्यार लागलेच नाही, आणि न वापरलेले हत्यार गंजते, तसे झाले. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या कोर्ट आणि ग्रीनब्लॅट यांनी 2000 साली दाखवून दिले की पॅरासिटामॉलचे गाठोडे बांधणारे जे जनुक आहे, ते मांजरात मोडलेले आहे. जागेवर आहे, पण चालत नाही. विलोची साल काय आणि गोळी काय, दोन्ही वनस्पतींतल्या द्रव्यांसारखीच आहेत, आणि त्यांच्यापुढे मांजर उघडे पडते.

मनीचे काय झाले असेल ते आता उमगते. जे पॅरासिटामॉल बांधून बाहेर टाकता आले नाही, त्यातून विषारी पदार्थ तयार झाले. मांजराच्या तांबड्या रक्तपेशी अशा माऱ्याला फार लवकर बळी पडतात. रक्त तपकिरी होते, प्राणवायू वाहून नेत नाही, म्हणून धाप लागते आणि हिरड्या मातकट किंवा निळसर दिसतात. तोंड आणि पंजे सुजतात. हिशेबही करून पाहा. साठ किलोच्या माणसाने 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे सुमारे 8 मिलिग्रॅम पडतात. चार किलोच्या मांजराला अर्धी गोळी म्हणजे किलोमागे 62 मिलिग्रॅम! आणि किलोमागे 10 मिलिग्रॅम इतक्या थोड्या मात्रेनेही मांजरांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. म्हणून पाव गोळीही नको आणि तिचा कणही नको. चुकून गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब पशुवैद्य गाठावा. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी.

मग मांजराला वेदनेवर काहीच देता येत नाही का? येते. पण त्यालाही मर्यादा आहे. 1971 साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे काम कशी करतात ते शोधले, आणि त्याबद्दल 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. तीच सूज आणि दुखणे वाढवतात. औषध ती बंद करते. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा चालू ठेवतात. म्हणजे दुखणे थांबवणारा हातच जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतो. दुष्परिणाम म्हणतात तो असा औषधाच्या गुणातूनच निघतो.

या जातीचे मेलॉक्सिकॅम नावाचे औषध मांजराचे यकृत वेगळ्या मार्गाने मोडू शकते. 2007 साली युरोपात ते मांजरांच्या सांध्यांच्या जुनाट दुखण्यावर दीर्घकाळ देण्यास मान्यता मिळाली, मात्र अगदी थोड्या मात्रेत, दिवसाला किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. अमेरिकेत मात्र 2010 साली औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापला गेला की मांजरांना ते पुनःपुन्हा दिल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले आहेत. दोन ठिकाणी एकाच औषधाकडे दोन तऱ्हांनी पाहिले गेले. यावरून एवढे घ्यावे की मात्रा आणि देखरेख हीच इथे सारी गोष्ट आहे. माणसासाठी याची 15 मिलिग्रॅमची गोळी मिळते. चार किलोच्या मांजराच्या वर सांगितलेल्या रोजच्या मात्रेच्या ती 75 पट होते. ती हाताने तोडून मात्रा साधणार कशी?

एक औषध, पण देह निराळे, हा धडा आपल्या देशाला फार महाग पडला आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दुखऱ्या गुरांना सर्रास दिले जाई. गुरांना त्याने आराम पडे. पण औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेले जनावर गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णवाहून अधिक नाहीशी झाली. कारण 2004 साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झाले, आणि 2006 साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. आणि पर्याय कोणता निघाला? मेलॉक्सिकॅम! मांजराला जे जपून द्यावे लागते ते गिधाडाला सोसते, आणि गुराला जे सोसते त्याने गिधाड मरते. तुमच्या गावच्या ढोरफोडीच्या माळावर पूर्वी उतरणारी गिधाडे आता का दिसत नाहीत, हे शाळेतल्या मुलांना सांगताना ही गोष्ट जरूर सांगा.

आता तुमच्या कामाचे. मांजर दुखणे लपवते. 2002 साली अमेरिकेत बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे क्ष-किरण फोटो तपासले, तेव्हा 90 मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली दिसली. ‘म्हातारं झालंय, म्हणून पडून असतं’ असे आपण म्हणतो, पण त्याला दुखत असते. फळीवर उडी न मारणे, अंग न चाटणे, उचलले की गुरगुरणे, कोपऱ्यात लपणे, खाणे सोडणे, या त्याच्या तक्रारी समजा. 2019 साली कॅनडात माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पद्धत काढली. पाच गोष्टी पाहायच्या: कान बाजूला वळून सपाट झाले आहेत का, डोळे मिटल्यासारखे आहेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिश्या ताठ पुढे आल्या आहेत का, आणि डोके खांद्यांच्या खाली झुकले आहे का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार किंवा अधिक झाले तर वेदनेवर उपचार हवा. हे पाहायला यंत्र लागत नाही. शाळेतले पोरही शिकेल.

पशुवैद्यांनी औषध दिले तर ते त्यांनी सांगितले तितकेच आणि त्याच वेळी द्या. आधी त्यांना मांजराचे वय, वजन, चालू असलेली इतर औषधे आणि पूर्वीचे लघवीचे दुखणे सांगा. पातळ औषध मोजूनच काढा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. सुईविना पिचकारी गालाच्या कडेला लावून हळूहळू सोडावे, म्हणजे ठसका लागत नाही. सूज उतरवणारे औषध खाऊ घालून मग द्या, आणि पाण्याची वाटी भरलेली ठेवा. मांजर खात नसेल तर पुढची मात्रा न देता आधी विचारा. एक मात्रा चुकली म्हणून पुढे दुप्पट देऊ नका.

मग लक्ष ठेवा. उलटी, जुलाब, काळी डांबरासारखी विष्ठा, खाणे बंद होणे, पाणी नि लघवी एकदम वाढणे किंवा लघवी कमी होणे, फार सुस्ती, हिरड्या किंवा डोळे पिवळे पडणे, यांतले काहीही दिसले तर औषध थांबवून पशुवैद्यांना कळवा. मॉर्फिनच्या जातीचे औषध दिले असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, अस्वस्थ येरझाऱ्या घालणे असे दिसते. तेही सांगा. भिंतीवरच्या पंचांगावर रोज एक खूण करा: खाल्ले, पाणी प्यायले, लघवी झाली. एवढी नोंद पशुवैद्यांना फार उपयोगी पडते.

आणखी एक खबरदारी. आपल्या गुडघ्याला लावायच्या मलमातही सॅलिसिलिक आम्लाच्या कुळातले द्रव्य असते. मांजराला ते चोळू नका, ते अंग चाटते. आपल्या अंगावरचे मलमही त्याला चाटू देऊ नका. 2015 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशी सूचना काढली होती, कारण मालकांनी स्वतःला लावलेल्या फ्लर्बिप्रोफेनच्या मलमामुळे दोन घरांतली मांजरे आजारी पडली होती आणि काही दगावली होती.

गुरुजी मंडळी, वर्गात एकदा विचारून पाहा, कोणाकोणाच्या घरी आजारी मांजराला आपली गोळी दिली आहे. हात वर होतील. त्या मुलांना रागावू नका. आमच्या आईसारखीच तीही मायेने देत असतात. त्यांना शेळीचा एक तास आणि मांजराचे साडेसदतीस तास फळ्यावर लिहून दाखवा. घरी जाऊन ती ते आईला सांगतील. आमच्या आईला ते सांगणारे तेव्हा कोणी नव्हते.